चकलीची कबर

आमच्या घरात उजाडायचं ते बिगुलानं. भिंगारला, कॅम्पाच्या कडेला, लष्कराच्या वर्कशॉपात काम करणाऱ्या सिव्हिल लोकांसाठी बांधलेली बैठी क्वार्टर्स होती. त्यांतल्या शेवटच्या क्वार्टरात आम्ही राहायचो. बिगुल झाला की पप्पा उठत, पप्पा उठले की रेडिओ लागे, आणि रेडिओच्या जोडीला माझा खोकला. तो ऐकून आई स्वयंपाकघरातूनच विचारायची, "सुवे, झोप लागली का गं?" हा प्रश्न मला रोज सकाळी विचारला जायचा. पुढं लग्न झाल्यावर नवऱ्यानं पहिल्या सकाळी तो विचारला नाही, तेव्हा हा माणूस आपल्यावर रुसलाय की काय असं मला वाटलं होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं निलगिरीची रांग एवढंच आमचं घर. लांब रेंजवर गोळीबाराचा सराव सुरू झाला की फळीवरची भांडी हलकी वाजायची. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. शेवगावहून आईच्या माहेरची माणसं आली की मात्र दचकायची, आणि आम्ही भावंडं त्यांच्याकडं बघून फिदीफिदी हसायचो.

मला दमा होता. होता कसला, अजून आहे. हे लिहिताना पंप टेबलावरच आहे. तेव्हा पंप आमच्यापर्यंत पोचला नव्हता. गोळ्या, वाफारा, छातीवर शेकलेल्या ओव्याची पुरचुंडी, आणि फारच झालं तर हॉस्पिटल. त्यामुळं घरात माझ्यापुरता वेगळा कायदा होता. थंड पाणी नाही, झाडलोट नाही, धुळीत जाणं नाही, धावणं तर नाहीच नाही. माझा मोठा भाऊ दावीद, आमचा दाव्या, म्हणायचा, "हिला दमा नाही, हिला कायमची सुट्टी आहे." झाडलोटीपुरतं त्याचं म्हणणं खरं होतं आणि त्या सुट्टीबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

तक्रार होती ती अंगणातल्या खेळाबद्दल. संध्याकाळी क्वार्टर्समधली सगळी पोरं जमायची. लंगडी, विषामृत, डबा ऐसपैस. मी गेले की कुणीतरी ओरडायचं, "सुवी कच्चा लिंबू हं!" आणि खेळ पुढं चालू. कच्चा लिंबू म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. मला कुणी शिवलं तरी मी आऊट नाही, आणि माझ्यावर कधी राज्य यायचं नाही. पाच वर्षांच्या पोराला यात मोठेपणा वाटतो. मी दहाची झाले, बाराची झाले, माझ्यामागून आलेली शेंबडी पोरं पक्की होऊन राज्य घ्यायला लागली, आणि मी आपली रिंगणात उभी ती उभीच. शेवटी शेवटी तर पोरं मला शिवायचा त्रासही घेत नसत. आऊट न होणारा माणूस हळूहळू कुणाला दिसेनासा होतो, हे मी फार लवकर शिकले.

आमच्या कुटुंबाला या दम्याची भीती वाटावी असं कारणही होतं. पप्पांची धाकटी बहीण याच आजारानं गेली, माझ्या जन्माच्या आधी, ऐन विशीत. तिचं नाव सुवार्ता. पप्पांनी हट्टानं तेच नाव मला ठेवलं. आईचा विरोध होता, पण ऐकतो कोण. ईस्टरला पहाटेची उपासना कबरस्तानातच व्हायची. आदल्या दिवशी जाऊन आम्ही आत्याच्या कबरेला चुना लावायचो, आणि अक्षरांवर काळा रंग फिरवायचं काम माझ्याकडं असायचं, कारण त्यात धावपळ नव्हती. म्हणजे दगडावर लिहिलेलं स्वतःचं नाव मी दरवर्षी स्वतःच्या हातानं गिरवत मोठी झाले. मला त्याची भीती कधी वाटली नाही. पप्पा मात्र तेवढा वेळ फाटकापाशी कुणाशीतरी बोलत उभे राहायचे.

मी दहावीला जायच्या सुमारास पप्पांनी एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. नागापूरच्या एमआयडीसीत त्यांच्या ओळखीच्या माणसाचा कारखाना होता, तिथं नवा आल्यावर हा अडगळीत पडला होता. पप्पा स्टोअरकीपर, वर्कशॉपात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांना शिकून घ्यावं लागलं होतं, त्यामुळं घरीही सराव होईल असं त्यांनी आईला सांगितलं. आईनं त्यावर विणलेला रुमाल टाकला आणि सराव बरेच दिवस रुमालाखालीच राहिला. मग दाव्याला त्यात एक खेळ सापडला. कुणी टाकून ठेवला होता देव जाणे. चित्रं नाहीत, आवाज नाही. काळ्या पडद्यावर रेघांच्या खोल्या, आणि त्यांत फिरणारी इंग्रजी अक्षरं. प्रत्येक अक्षर म्हणजे एक जनावर, राक्षस नाहीतर साप. मधोमध एक वेटोळं, ईमेलच्या पत्त्यात असतं ते. ते म्हणजे आपण. आम्ही तेव्हा ईमेल कुठं पाहिली होती? आईनं एकदा डोकावून विचारलं, "ही चकली कशाला फिरतीय रं?" आणि तेव्हापासून ती चकलीच झाली.

चकलीनं जमिनीखाली एकेक मजला उतरत जायचं, वाटेत लढायचं, खायला शोधायचं, आणि सगळ्यात खालून एक रत्न वर आणायचं. ते रत्न आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नाही. खेळ अर्धवट सोडून उठता यायचं. मशीन ती जागा लक्षात ठेवायचं. पण चकली मेली की मेली. मशीन तिची आठवण स्वतः पुसून टाकायचं, पडद्यावर टिंबा-रेघांची एक कबर काढायचं, आणि त्या कबरेवर आपण सुरुवातीला दिलेलं नाव, खाली मारणाऱ्याचं नाव. पुन्हा खेळायचं तर पहिल्या मजल्यापासून, नवी चकली, रिकामे हात.

खेळणारे आम्ही तिघं. दाव्या, मी आणि शेजारच्या क्वार्टरातली माझी मैत्रीण नसीम, चार बहिणींत थोरली. दाव्या पहिल्याच दिवशी मेला, पप्पा मागून "आऊट!" ओरडले, आणि त्यानं कीबोर्डवर बुक्की मारली. नसीम मेली तेव्हा तिनं ओढणीत तोंड खुपसलं. मग माझी पाळी आली. माझी चकली तिसऱ्या मजल्यावर सापानं मारली, पडद्यावर माझ्या नावाची कबर आली, मला रडू फुटलं आणि रडण्याबरोबर दम लागला. आईनं पाणी तापवलं, पप्पांनी पाठीवर हात फिरवला. ती कबर त्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर मला हाक मारून म्हणाले, "सुवार्ता, ये बघ. तुझी चकली मेली नव्हती गं. मशीन नीट बंद झालं नव्हतं." आणि खरंच, माझी चकली दुसऱ्या मजल्यावर जिवंत उभी होती.

पुढच्या वेळी मेली तेव्हाही ती उठली. त्याच्या पुढच्या वेळीही. दाव्यानं शोध लावला: त्याची कबर पाहिल्या दिवसापासूनच, मी खेळ सोडून उठले की पप्पा माझी राखून ठेवलेली जागा एका फ्लॉपीवर उतरवून घेत, आणि मी मेले की ती परत आत घालत. दाव्या चिडून म्हणाला, "हिची चकली आहे का बायबलातला लाजर? चार दिवसांनी कबरेतून उठतेय!"

"असू दे रं," आई म्हणाली. "तिला जीवाला लागतं. तिचं कच्चा लिंबू धर."

झालं. चार भिंतींच्या आत, एका मशीनमध्ये, जिथं धावायचं नव्हतं, धूळ नव्हती, जिथं माझी बोटं दाव्याइतकीच पळत होती, तिथंसुद्धा मी कच्चा लिंबू. सुरुवातीला मला मजा वाटली, खोटं कशाला सांगू. न मरणारी चकली घेऊन मी दारं फोडत सुटले, नाही नाही ते खाल्लं, प्यायले. मेले तर उद्या उठेन. पण थोड्याच दिवसांत मला जांभया यायला लागल्या. दाव्या खेळताना एका वळणावर पाच-पाच मिनिटं विचार करायचा. त्याच्या कपाळावर घाम यायचा, नसीम त्याच्या कानाशी कुजबुजायची, "दार मत खोल, रुक," आणि एक साधं दार उघडायचं म्हटलं तरी दोघांचे श्वास अडकायचे. श्वास अडकण्यात मजा असते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मला तोवर त्याचा वेगळाच अनुभव होता. मी तेच दार लाथ मारून उघडायचे, आणि आत काय आहे याचं मला सोयरसुतकही नसायचं.

परवा माझी भाची, दाव्याची लेक, मोबाईलवर खेळत होती. मेली की एक जाहिरात बघायची आणि पुन्हा जिवंत. तिच्या मैत्रिणींत वाद चालला होता म्हणे, की एकदा मेलं की कायमचं संपलं असे खेळ जास्त मजेचे की नाही. तिनं मला विचारलं, "आत्या, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, बाई, हे ज्याला त्याला विचार. कारण तेव्हाही आमचं एकमत नव्हतं. मी नसीमपुढं माझं गाऱ्हाणं मांडलं तर ती म्हणाली, "सुवी, तुला आऊट व्हायचंय अन् मला वाटतं, माझं चुकलं तर एकदा तरी कुणी म्हणावं, जाऊ दे, परत कर. दे मला तुझी फ्लॉपी." तिच्या घरी दूध उतू गेलं तरी थोरली म्हणून बोलणी तिलाच. तिचं खोटं नव्हतं. विषामृतातसुद्धा विष मिळून दगड झालेल्याला अमृत देऊन उठवतातच की. पण तिथं अमृत देणाऱ्याला स्वतः पळत यावं लागतं, स्वतः सापडायची जोखीम घ्यावी लागते. फुकटचं अमृत कुणी देत नाही, म्हणून ते गोड लागतं. मला मिळत होतं ते फुकटचं होतं.

मी पप्पांना सरळ सांगितलं, "फ्लॉपी बंद करा."

"बघू," पप्पा म्हणाले.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. तोवर माझा दहावीचा निकाल लागला होता आणि मला पुण्याला होस्टेलवर राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा होता. त्यालाही पप्पांचं उत्तर 'बघू' होतं. आई म्हणायची, "हितं नगरात काय कमी हाय? लई लांब न्हाई जायचं, घरचं खाऊन शिक." मी ताडलं, की दोन्ही 'बघू' एकच आहेत. जो माणूस मला टिंबा-रेघांच्या कबरेत बघू शकत नाही, तो मला पुण्याच्या गाडीत काय बसवणार! म्हणून मी ठरवलं की आधी या मशीनमध्ये पक्की व्हायचं. आणि ठरवलं की मग मी ठरवलं. दमेकऱ्याजवळ दुसरं काही नसलं तरी चिकाटी असते, अख्खी रात्र उशीला टेकून काढायची सवय असते.

मी नवी चकली घेतली. पप्पा म्हणाले, "नाव तरी दुसरं दे." मी म्हटलं, "मग मेली तर कोण मेली म्हणायचं?" आणि SUVARTA लिहिलं. यावेळी मी ती फ्लॉपी नाहीच असं धरून खेळले. प्रत्येक दारापाशी थांबले. उपाशी राहिले तरी अनोळखी काही खाल्लं नाही. मोठं अक्षर दिसलं की पळाले. आयुष्यात मनसोक्त पळायला मला तिथंच मिळालं. दाव्याची सगळ्यात खोल गेलेली चकली ज्या मजल्यावर मेली होती तो मजला मी ओलांडला, आणि दाव्या स्टूल ओढून माझ्या शेजारी बसायला लागला. पप्पा मात्र अजून मी उठले की मशीनपाशी जायचे. फ्लॉपी त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची, पेनाच्या मागं.

तो रविवार होता. उपासनेहून आल्यावर आईनं हुलग्याचे शेंगोळे टाकले होते आणि लसणाचा वास दोन्ही खोल्यांत भरला होता. माझी चकली इतकी खाली पोचली होती की तिथली अक्षरं आम्ही कुणी आधी पाहिली नव्हती. नसीम दारात उभी होती, दाव्या स्टुलावर, पप्पा माझ्या मागं. एका मोठ्या राक्षसाला मी मारलं. सगळे ओरडले. माझ्यात धुगधुगी तेवढी उरली होती. दाव्या म्हणाला, "वर जायचा जिना जवळ आहे, वर जा, बरी हो." मला पुढच्या खोलीत खाली जाणारा जिना दिसत होता. मी खालची वाट धरली. आणि त्या वाटेवर, कुठून चुकून आला होता कोण जाणे, एक कोल्हा आला. पहिल्या मजल्यावरचा, दोन फटक्यांत मरणारा कोल्हा. माझा फटका हुकला, त्याचा लागला.

कबर आली. SUVARTA. खाली, कोल्ह्यानं मारली.

कुणी हसलं नाही. आई पळी हातात घेऊनच बाहेर आली होती. तिला इंग्रजी फार येत नव्हतं, पण कबर कळत होती आणि ते नावही कळत होतं. "पुसा ते," ती म्हणाली. माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागली होती. सगळ्यांचे डोळे पडद्यावरून माझ्या छातीवर आले, नेहमीसारखे. पप्पांनी खिशातून फ्लॉपी काढली.

"कालची आहे," ते म्हणाले. "जास्त नुकसान नाही. सरक जरा."

मी मशीनपुढून हलले नाही. "नको, पप्पा."

"अगं, कोल्ह्यानं मारलं! एवढी खाली जाऊन कोल्ह्यानं! ह्याला काय अर्थ आहे?"

"मारलं तर मारलं. माझा फटका हुकला, माझी चकली मेली. दाव्या मेला की तुम्ही काय म्हणता?"

"दाव्याचं वेगळं."

"काय वेगळं?"

ते माझ्याकडं बघतच नव्हते, पडद्यावरच्या नावाकडं बघत होते, आणि मला एकदम कळलं की माझ्या चकलीला ते उठवतच नव्हते. ज्या नावापुढं त्यांचे पाय फाटकापाशीच थांबायचे, त्या नावाला ते पुन्हा पुन्हा उठवत होते. माझा सगळा राग गेला. पण मी खुर्ची सोडली नाही. दम टाकत टाकत म्हणाले, "पप्पा, ती आत्या होती. मी मी आहे. मला आऊट म्हणा."

तेव्हा आई बोलली. सगळ्यात भित्री म्हणून आम्ही जिची थट्टा करायचो ती आई. "ठिवा ती फ्लॉपी खिशात. पोरीचं तोंड तर बघा. रडतीय का ती? मागल्या वेळी रडली हुती. आज न्हाई रडत." आणि मग, पळी हलवत, अगदी कुणाला रागवावं तसं, "व्हय, मेली तिची चकली. सगळ्यांच्या मरत्यात. मरू द्या की!"

पप्पांनी फ्लॉपी परत पेनामागं ठेवली. हळू आवाजात म्हणाले, "आऊट."

"जोरात," मी म्हटलं.

"आऊट!" पप्पा ओरडले, आणि दाव्यानं टाळी वाजवली, नसीमनं शिट्टी मारली, आणि मग मात्र मी रडले. इतकी मजा मला त्या खेळात आधी आली नव्हती आणि नंतर कुठल्याच खेळात आली नाही. पुढं नागापूरच्याच एका कंपनीत मी बोर्ड दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलं, बढत्या मिळाल्या, सत्कारही झाला. पण त्या 'आऊट'ची सर कशाला आली नाही. भाचीला मी हेच सांगितलं. म्हटलं, मरणात मजा नसते गं, मजा मोजलं जाण्यात असते. जाहिरात बघून उठणाऱ्याला कोण मोजतं? तिनं मान हलवली आणि पुढची जाहिरात बघितली.

त्या दिवशी शेंगोळे खाऊन, वाफारा घेऊन मी ओट्यावर बसले होते. अंगणात नव्या पोरांची लंगडी चालली होती. पप्पा बाहेर आले आणि शेजारी बसले.

"पुण्यात माझी फ्लॉपी चालणार नाही," ते म्हणाले.

"माहितेय."

"दम लागला तर उठवून बसवायला कुणी नसेल."

"मी बसेन उठून."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर आऊट होऊन घरी येईन. तुम्ही ओरडा, आजच्यासारखं."

पप्पा हसले नाहीत. अंगणात एका पोरीला कुणीतरी शिवलं आणि ती तावातावानं भांडत होती. ते भांडण मिटेपर्यंत पप्पा तिच्याकडं बघत राहिले. मग माझ्या पाठीवर हात ठेवला, नेहमी दम ऐकायला ठेवायचे तसा नाही, ढकलायला ठेवतात तसा, आणि म्हणाले, "जा मग. घे राज्य."